आस्कंद, थायरॉक्सिन आणि वाढत गेलेली धडधड : एक प्रकरण अभ्यास

बाई 43 वर्षांच्या, सहकारी बँकेत अधिकारी. दहा वर्षांपासून थायरॉइड कमी, त्यासाठी रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन 75 मायक्रोग्रॅम. फेब्रुवारीत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; अंगात थायरॉइड कमी पडलं की ते चढतं, जास्त झालं की उतरतं) 2.8 आला होता, म्हणजे गोळीचं माप नीट बसलेलं. ऑगस्टच्या मध्यात त्या डॉक्टरांकडे आल्या ते "टेन्शन आवरतच नाही" म्हणून. थायरॉइडचं नावही त्यांनी काढलं नाही.

(प्रकरण एका व्यक्तीचं नाही. अशा रुग्णांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते बांधलेलं आहे. आकडेही अशा रुग्णांत येतात त्याच पट्ट्यातले आहेत.)

मार्चअखेरची कामं, लगेच मागे ऑडिट, घरात मुलाची बारावी आणि सीईटी. पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा झोप नाही. चहा दिवसाला पाच कप. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाचीने अश्वगंधाच्या, म्हणजे आस्कंदाच्या, कॅप्सूल मागवून दिल्या. पहिले तीन आठवडे छान गेले, झोप लागू लागली, चिडचिड कमी झाली. पाचव्या-सहाव्या आठवड्यात छातीत धडधड सुरू झाली, हात कापू लागले, पंख्याखालीही घाम फुटायचा. तेव्हा मुलाच्या इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप फेऱ्या चालू होत्या. टेन्शनच वाढलंय असं धरून बाईंनी कॅप्सूल दोनाच्या तीन केल्या.

सगळं प्रकरण याच एका पावलावर फिरतं. अंगात थायरॉइड संप्रेरक जास्त झालं की जी लक्षणं दिसतात, तीच चिंतेचीही असतात: धडधड, कंप, घाम, झोपमोड, पोटात गोळा. औषधाचा दुष्परिणाम मूळ आजाराचा चेहरा घेऊन आला की माणूस औषध थांबवत नाही, वाढवतो.

तपासणीच्या टेबलावर

नाडी मिनिटाला 108, रक्तदाब 138/70. हात पुढे करून बोटं पसरायला सांगितली आणि वर एक कागद ठेवला, तर कागदाची कडा थरथरत होती. तळहात गरम आणि ओले. चिंतेतल्या माणसाचे तळहातही ओले असतात, पण ते बहुधा गार असतात. फरक छोटा आहे, बघणाऱ्याला उपयोगी आहे. डोळे पुढे आलेले नाहीत, गळ्याला गाठ नाही, दुखत नाही. वजन दोन महिन्यांत अडीच किलो उतरलेलं, आणि जेवण कमी झालेलं नाही. दिवसातून दोन-तीनदा पोट साफ होतं. नुसत्या ताणाने वजन उतरतं तेव्हा भूकही सहसा मेलेली असते. इथे भूक शाबूत होती, तिथेच शंका आली.

जीएडी-7 या सात प्रश्नांच्या चिंतामापन यादीत 21 पैकी 18 गुण. पंधरा आणि त्याच्या वर तीव्र धरतात. एवढ्यावरच चिंताविकाराची गोळी लिहून दिली असती तर कोणी चूक काढली नसती, आणि खरी भानगड आणखी दोन महिने दडून राहिली असती.

थायरॉइडच्या गोळीशिवाय काय घेता, या प्रश्नावर उत्तर आलं, "औषध काही नाही." ते खोटं नव्हतं. बहुतेक घरांत काढा, चूर्ण, गमी, केसांच्या गोळ्या या औषधात मोडतच नाहीत. त्यामुळे प्रश्न बदलला: सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तोंडात जे जे टाकता ते सगळं पिशवीत घालून उद्या आणा. दुसऱ्या दिवशी पिशवी टेबलावर रिकामी झाली. थायरॉक्सिनची बाटली, अश्वगंधा कॅप्सूल, काष्ठौषधीच्या दुकानातलं आस्कंद चूर्ण बिस्किटाच्या डब्यात भरलेलं, 'स्ट्रेस'च्या गमी, आणि एक गुलाबी डबी.

"ताई, ही पण रोज?"

"ते केसांसाठी आहे हो डॉक्टर, ते कुठे औषध?"

डबीवर बायोटिन, म्हणजे केसांसाठी घेतात ते ब गटातलं जीवनसत्त्व, 10,000 मायक्रोग्रॅम.

पोटात किती जात होतं

हा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तो सहसा कोणी मांडत नाही.

आस्कंदाच्या, म्हणजे विथानिया सोम्निफेराच्या मुळातले कामाचे घटक विथानोलाइड या नावाने मोजतात. कॅप्सूलवर लिहिलं होतं: मुळाचा अर्क 500 मिलिग्रॅम, विथानोलाइड 5 टक्के. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 25 मिलिग्रॅम, दोनांत 50. रात्री दुधातून चूर्णाचा एक चमचा. चहाचा चमचा सपाट भरला तर साधारण 3 ग्रॅम आणि शीग लावून भरला तर 5; बाईंचा शिगेचा. साध्या मुळाच्या चूर्णात विथानोलाइडचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतं. ते 0.3 टक्के धरलं तर 5 ग्रॅममध्ये 15 मिलिग्रॅम. गमी दोन, प्रत्येकी 150 मिलिग्रॅम अर्क, 2.5 टक्के, म्हणजे साडेसात. एकूण 72.5. तिसरी कॅप्सूल सुरू झाल्यावर 97.5.

ज्या चाचण्यांच्या जोरावर या कॅप्सूल विकल्या जातात, त्यांत किती होतं? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या चाचणीत 64 जण होते. मुळाचा अर्क 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 60 दिवस. ताणाच्या मापनात औषध गटाचे गुण 44 टक्क्यांनी उतरले, औषध नसलेली दिखाऊ कॅप्सूल घेणाऱ्या गटाचे साडेपाच टक्क्यांनी; रक्तातलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक औषध गटात सुमारे 28 टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे रोज 600 मिलिग्रॅम. 5 टक्क्यांच्या अर्काच्या हिशेबात ते 30 मिलिग्रॅम विथानोलाइड होतात. जैविक मनोविकारशास्त्राच्या जागतिक महासंघाने आणि कॅनडाच्या कॅनमॅट गटाने मिळून 2022 साली जी मार्गदर्शक सूत्रं काढली, त्यांत सामान्यीकृत चिंताविकारासाठी 5 टक्क्यांच्या अर्काची रोज 300 ते 600 मिलिग्रॅम अशीच मात्रा आहे, आणि तीही तात्पुरत्या शिफारशीच्या दर्जाची. बाई त्या वरच्या मर्यादेच्या तिपटीवर होत्या.

बाटलीच्या पाठीवर छापलेल्या टक्क्यांवरही डोळे झाकून विसंबू नये. विथानोलाइड एचपीएलसी यंत्रावर, म्हणजे एकेक घटक वेगळा करून, मोजले तर एक आकडा येतो, जुन्या वजनी पद्धतीने मोजले तर बराच फुगलेला येतो, कारण वजनात सोबतचं बाकीचंही मोजलं जातं. काही स्वस्त मालात मुळाच्या जागी पानांचा अर्क असतो. पानात काही विथानोलाइड जास्त, विशेषतः विथाफेरिन-ए, त्यामुळे कमी खर्चात टक्का गाठता येतो. परंपरेत पोटात घ्यायचा वापर मुळाचा आहे. पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयाने 2021 साली उत्पादकांना कळवलं होतं. पाठीवर 'मूळ' हा शब्द नसेल तर बाटली परत ठेवावी.

आणि चूर्णाबद्दल. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशात अश्वगंधा मुळाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम आहे, त्यामुळे एकटा रात्रीचा चमचा शास्त्राला धरूनच होता. पण त्याच शास्त्रात अश्वगंधा उष्ण वीर्याची, वात-कफ शमवणारी मानली आहे. घाम, दाह, वाढलेली भूक, पातळ शौच अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाला कोणताही जाणता वैद्य ती वाढवून देणार नाही. दुकानातून घेतलेल्या चूर्णासोबत मात्रा येते, वैद्य येत नाही. अश्वगंधाला आता जे नाव लावतात ते 'अॅडॅप्टोजेन' ही सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव यांनी 1947 साली मांडलेली कल्पना: शरीराचा ताणाला होणारा प्रतिकार सर्व बाजूंनी वाढवणारा, एरवी निरुपद्रवी पदार्थ. आयुर्वेदातल्या 'रसायन' (बल वाढवणारं औषध) या शब्दाच्या जागी ती आणून बसवली, आणि कोणाला द्यावं, कोणाला नाही, हा रसायनातला अर्धा विचार वाटेत गळून गेला.

दोन वेळा काढलेलं रक्त

पहिल्या नमुन्यात टीएसएच 0.08, फ्री टी-4 (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) 2.3 (प्रयोगशाळेची मर्यादा 0.8 ते 1.8). वरवर निदान झालं. पण रक्त दिलं त्या सकाळीही बायोटिन पोटात होतं.

थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांची जोडणीच बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या घट्ट जोडीवर उभी असते. रक्तात बाहेरून घेतलेलं बायोटिन भरपूर असेल तर ते मधे घुसतं. टीएसएच खोटाच कमी दिसतो, टी-4 खोटाच जास्त. कागदावर थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र, आणि प्रत्यक्षात माणूस ठणठणीत. अशा कागदावर विसंबून थायरॉक्सिन कमी केलं गेल्याची उदाहरणं आहेत. म्हणून बायोटिन तीन दिवस पूर्ण बंद करून पुन्हा रक्त काढलं: टीएसएच 0.11, फ्री टी-4 2.0. थोडा भाग बायोटिनचा होता, बाकीचा खरा. नाडी आणि वजन आधीच ते सांगत होते, पण पुन्हा तपासलं नसतं तर आजार किती आणि केसांची डबी किती, हे वेगळं करता आलं नसतं.

दुसऱ्याच नमुन्यातून टीएसएच रिसेप्टरची प्रतिपिंडं तपासली, नाहीत. म्हणजे ग्रेव्ह्‌ज आजार, ज्यात अशा प्रतिपिंडांमुळे थायरॉइड वाढतं, तो नाही. (ही तपासणीही बायोटिनने बिघडू शकते, म्हणून ती पहिल्या नमुन्यावर केली नाही.) अंगातली सूज दाखवणारा ईएसआर साधा. ईसीजीत ठोके वेगाचे, पण ताल शुद्ध. एसजीपीटी 34, बिलिरुबिन 0.7. यकृत तपासण्याचं कारण वेगळं आहे, पुढे येतं.

थायरॉक्सिनची कंपनी बदलली का, गोळी 75 ऐवजी 100ची आली का, चुकून दोन घेतल्या का, हे प्रश्न आधी विचारून घेतले. बाटली तीच, गोळ्यांचा हिशेब जुळला.

अश्वगंधाने हे होतं का? 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सौम्य हायपोथायरॉइडिझमच्या 50 जणांना रोज 600 मिलिग्रॅम अर्क आठ आठवडे दिला. औषध गटात टीएसएच उतरला, टी-4 चढला. कमी थायरॉइडवाल्याला ही बातमी गोड वाटते. पण ज्याचं माप आधीच गोळीने बरोबर बसवलंय, त्याच्या भरल्या भांड्यात हे वरून ओतणं झालं. अश्वगंधा घेतल्यावर थायरॉइड वाढल्याचे प्रकरण-अहवालही प्रसिद्ध आहेत.

खरं तर एक पळवाट उरतेच. वेदनारहित थायरॉइडशोथ (थायरॉइड ग्रंथीची न दुखणारी सूज) नावाचा प्रकार असाच येतो आणि आपोआप बसतो. अश्वगंधा त्याच वेळी चालू असणं हा योगायोगही असू शकतो. थायरॉइडचा स्कॅन केला असता तरी फार उलगडा झाला नसता, कारण बाहेरून गोळी घेणाऱ्याची ग्रंथी तशीही कमी शोषते. अश्वगंधा पुन्हा देऊन बघणं हा पक्का पुरावा ठरला असता, पण तसं करणं बरोबर नाही. म्हणून शेरा 'संभाव्य' असा लिहिला, 'सिद्ध' नाही.

काय केलं

अश्वगंधा तिन्ही रूपांत त्याच दिवशी बंद. रोजच्या 600 मिलिग्रॅमच्या चाचण्यांत ती थांबवताना मोठा त्रास नोंदलेला नाही, त्यामुळे हळूहळू उतरवत बसण्याची गरज वाटली नाही. दोन-चार रात्री झोप बिघडेल हे आधीच सांगितलं, नाहीतर तिसऱ्या रात्री बाटली पुन्हा उघडते.

थायरॉक्सिन 75वरच ठेवलं. इथे मतभेद होऊ शकतो. काही डॉक्टर 50वर आणतील, आणि रुग्ण साठीचा किंवा हृदयविकाराचा असता तर तेच योग्य ठरलं असतं. पण याच मात्रेवर फेब्रुवारीत टीएसएच 2.8 होता, बदललेली गोष्ट एकच होती. दोन गोष्टी एकदम हलवल्या तर नंतर कोणती कशामुळे बदलली हे कळत नाही. दमा नाही याची खात्री करून धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल 10 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, फक्त दोन आठवडे. चहा दोन कप, दुपारी चारच्या आत. बायोटिन बंद.

रक्त लगेच पुन्हा काढायचं नाही. थायरॉक्सिन निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात आणि टीएसएच त्याच्याही मागून रेंगाळत येतो. सहा आठवड्यांच्या आतला टीएसएच दिशाभूल करतो.

दहाव्या दिवशी नाडी 84. गणपती झाल्यावर, सहाव्या आठवड्यात: टीएसएच 0.9, फ्री टी-4 1.4, प्रोप्रानोलॉलशिवाय नाडी 78, वजन सव्वा किलो परत. जीएडी-7चे गुण 18वरून 11.

हा अकराचा आकडा महत्त्वाचा. थायरॉइडचं वादळ बसल्यावर खाली मध्यम चिंता होतीच, जी मार्चपासून होती आणि जिच्यासाठी हे सगळं सुरू झालं. तिच्यावर अश्वगंधाने जूनमध्ये खरंच काम केलं होतं का? सांगता येत नाही, कारण सुरू करण्याआधी कुठलंच माप घेतलेलं नव्हतं. जूनच्या शेवटी ऑडिट संपलं होतं. झोप चूर्णाने आली की ऑडिट उठल्याने, हे ओळखायला निदान पहिल्या दिवशीची जीएडी-7 हवी होती. सात प्रश्न, तीन मिनिटांचं काम. मग चिंतेसाठी समुपदेशकाकडे आठवड्याला एक अशा आठ बैठका ठरल्या, आणि पहाटे जाग आली तर वीस मिनिटांनी अंथरूण सोडून दुसऱ्या खोलीत बसायचं, मोबाइल न घेता, असा नियम. मध्यरात्री अगदीच असह्य झालं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मराठीतही चालतो. तो फ्रिजवर चिकटवला गेला.

मग दुसरं काही घेऊ का?

हा प्रश्न येतोच. ज्येष्ठमध सुचवलं होतं कोणीतरी. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन महिनोन्‌महिने घेतलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. घसा धरला तर कांडी चघळणं वेगळं, ताणासाठी रोज चमचा वेगळा. तगर आणि जटामांसी गुंगी आणतात. झोपेच्या गोळीसोबत नकोत. ब्राह्मीने काहींना मळमळ आणि जुलाब होतात, शिवाय बाजारात ब्राह्मी म्हणून कधी बाकोपा मिळते, कधी मंडूकपर्णी, आणि दोन्ही वनस्पती वेगळ्या. लडाखात सोलो म्हणून भाजी करून खातात ती ऱ्होडिओला अलीकडे महाग कॅप्सूलमध्ये येते. ती उत्तेजक बाजूची, पहाटे तीनला जागणाऱ्याला कशाला?

ज्याला थायरॉइडचा आजार नाही, यकृताचा नाही, गर्भारपण किंवा अंगावर पाजणं नाही, झोपेच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू नाहीत, अशा प्रौढाला अश्वगंधा करून बघायची असेल तर रीत साधी आहे. एकच रूप: कॅप्सूल किंवा चूर्ण, दोन्ही नाही. मिश्रण नको, दहा वनस्पती असलेल्या गोळीने त्रास झाला तर दोष कोणाला देणार? सुरुवातीला जीएडी-7, टीएसएच आणि यकृताची तपासणी. पहिला आठवडा रात्री जेवणानंतर 300 मिलिग्रॅम; पोट सोसलं तर पुढे दोनदा. चौथ्या आणि आठव्या आठवड्यात पुन्हा गुण मोजायचे. आठव्या आठवड्यात पाच गुणांचाही फरक नसेल तर बंद. फरक असेल तरी थांबून बघायचं, कारण चाचण्या बहुतेक दोन-तीन महिन्यांपलीकडे गेलेल्याच नाहीत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद, आणि भूलतज्ज्ञाला सांगायचं.

अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांकडे. आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांचा अहवाल 2020 साली आला. घ्यायला लागल्यापासून दोन ते बारा आठवड्यांत कावीळ आणि तीव्र खाज, थांबवल्यावर काही महिन्यांत बरे. भारतातूनही नंतर असे रुग्ण नोंदले गेले. हे क्वचित घडतं, पण खाज ही तक्रार लोक मोसमावर ढकलतात, म्हणून मुद्दाम सांगायचं.

सकाळी थायरॉक्सिन घेणाऱ्याच्या बाबतीत एक उलटी चूकही दिसते. दुधातलं चूर्ण सकाळी गोळीपाठोपाठ घेतलं की दुधातलं कॅल्शियम थायरॉक्सिन नीट शोषू देत नाही, टीएसएच चढतो, आणि डॉक्टर मात्रा वाढवतात. मग चूर्ण सुटलं की वाढवलेली मात्रा अंगावर येते. या बाई दूध रात्री घेत होत्या म्हणून हा गुंता झाला नाही.

दिवाळीच्या आसपास, बाराव्या आठवड्यात टीएसएच 2.6. थायरॉक्सिन 75च. जीएडी-7 सहा. पहाटे जाग आठवड्यातून एखाद्या दिवशी. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत 'अश्वगंधा नको, रक्ताआधी बायोटिन 3 दिवस बंद' असं लिहून दिलं.

बाटलीत चाळीसेक कॅप्सूल उरल्या होत्या. महागाची वस्तू, फेकवत नाही, म्हणून त्या धाकट्या बहिणीला देणार होत्या. बहिणीला काय चालू आहे असं विचारल्यावर कळलं, तिलाही थायरॉइडची गोळी आहे, 50ची.